परदेशातून गावाकडच्या जमिनीची पॉवर: एम्बसीचा शिक्का, इकडचं मुद्रांक आणि मधली सगळी भानगड

सांगली-साताऱ्यात आता असं गाव शोधून सापडायचं नाही जिथलं कोण ना कोण बाहेर नाही, तासगाव-वाळव्याची पोरं अमेरिकेत, कराड-कोरेगावची जर्मनीत, मिरजेच्या नर्सबाई आखातात, आणि मग वडील गेले की सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागतात आणि वाटपाला, विक्रीला, हक्कसोडीला त्या बाहेरच्या माणसाची सही लागते. तिकीट काढून सहीपुरतं येणं परवडत नाही. मग फोन होतो, "ताई तू तिकडनं पॉवर करून पाठव गं". पॉवर म्हणजे पॉवर ऑफ ॲटर्नी, मुखत्यारपत्र, आपल्या वतीनं सही-व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. ताई बिचारी जवळच्या नोटरीकडं जाते, शिक्का मारते, कुरिअर करते आणि इथं सब-रजिस्ट्रारच्या खिडकीवर तो कागद परत येतो.

परत का येतो तर सगळे तिकडनं सुरुवात करतात म्हणून. सही तिकडं व्हायची असली तरी कागद चालायचा इथं आहे, त्यामुळं काम इथनं सुरू करायचं. आधी दुय्यम निबंधक (म्हणजेच सब-रजिस्ट्रार) कार्यालयात नाहीतर ज्यांच्याकडं दस्त करणार त्या वकिलाकडं विचारायचं, ड्राफ्ट इथं करायचा, आणि मगच तो तिकडं मेलवर पाठवायचा. हे एवढं जरी केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते, बाकीची निम्मी खाली सांगतोय.

एम्बसीतला साहेब नेमकं काय करतो

आपल्या वकिलातीतल्या किंवा कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याला नोटरीचे अधिकार आहेत, आणि ते काय कुणाच्या मर्जीवर नाहीत, १९४८ चा कायदाच आहे, डिप्लोमॅटिक अँड कॉन्सुलर ऑफिसर्स (ओथ्स अँड फीज) ॲक्ट. त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की हा अधिकारी त्या देशात शपथ देऊ शकतो, ॲफिडेव्हिट घेऊ शकतो आणि भारतातला नोटरी जे करू शकतो ते सगळं करू शकतो. आणि त्याच कलमात पुढं असंही आहे की त्याची सही आणि शिक्का असलेला कागद भारतात पुराव्यात घेताना ती सही खरी का हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. जगभरच्या देशांनी मिळून केलेला १९६३ चा व्हिएन्ना करार आहे कॉन्सुलर संबंधांचा, त्यातही नोटरीचं काम हे कॉन्सुलच्या कामांत धरलेलं आहे, म्हणून तर बाकीच्या देशांचे कॉन्सुलेटही मुंबईत हे काम करतात.

पण तो साहेब फक्त एवढंच बघतो की पासपोर्टवरचा माणूस समोर उभा आहे, आणि त्यानं समोर सही केली. तुमचा गट नंबर बरोबर आहे का, त्या जमिनीत तुमचा हिस्सा किती, पॉवरमध्ये जास्तीचे अधिकार दिलेत का, भाऊ विश्वासू आहे का, ह्यातलं काहीही तो बघत नाही आणि बघायचं त्याचं कामही नाही. शिक्क्याच्या खाली बऱ्याचदा लिहिलेलंच असतं की मजकुराची जबाबदारी आमची नाही म्हणून. तेव्हा "एम्बसीनं पास केलंय" असं म्हणून कागद बरोबर असल्याचं समाधान मानू नका, तो कागद चुकीचा असला तरी शिक्का बसतोच.

शिक्का कुणाचा चालतो

इथं लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर.

नोंदणी कायदा १९०८, कलम ३३. पॉवर देणारा भारतात राहत असेल तर रजिस्ट्रार किंवा सब-रजिस्ट्रारसमोर करायची. भारतात राहत नसेल तर नोटरी, कोर्ट, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, भारताचा कॉन्सुल किंवा व्हाइस-कॉन्सुल नाहीतर केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यापैकी कुणाहीसमोर. आता तुम्ही म्हणाल नोटरी तर यादीत आहे, मग अमेरिकेतला नोटरी का नको? कारण नोटरीज ॲक्ट १९५२ च्या कलम १४ मध्ये परदेशी नोटरीच्या कामाला मान्यता देताना परस्पर मान्यतेची अट आहे, म्हणजे सरकारनं तसं जाहीर केलेल्या देशांपुरतं, आणि ह्यावर वाद घालायला समोरचा वकील टपलेलाच असतो. साध्या परदेशी नोटरीवर भरवसा ठेवून जमिनीचा व्यवहार करू नका एवढंच मी म्हणेन. कॉन्सुलचा शिक्का असला की हा प्रश्नच निघत नाही.

दुसरा रस्ता अपोस्टिलचा. १९६१ चा हेग करार आहे, भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. त्यात असं की तिकडच्या नोटरीनं शिक्का मारायचा आणि त्या देशाच्या ठरलेल्या सरकारी खात्यानं त्या नोटरीची सही खरी म्हणून वर अपोस्टिल लावायचं, अमेरिकेत हे काम त्या त्या राज्याचं सेक्रेटरी ऑफ स्टेट ऑफिस करतं. मग कॉन्सुलेटला जायची गरज कायद्यानं उरत नाही. कॅनडा बरीच वर्षं ह्यात नव्हता, तो ११ जानेवारी २०२४ पासून आलाय. यूएई अजून नाही, त्यामुळं दुबई-अबुधाबीच्या माणसाला अपोस्टिल विसरायचं, सरळ आपल्या कॉन्सुलेटला. आणि जर्मनीची गंमत अशी की जर्मनी करारात आहे, भारतही आहे, पण भारत सामील होताना जर्मनीनं हरकत घेतली, त्यामुळं ह्या दोघांच्यात तो करार चालत नाही. कराडची कितीतरी पोरं म्युनिक-फ्रँकफुर्टला आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवा, तिकडचा कोणतरी एजंट अपोस्टिल करून देतो म्हणाला तरी नको म्हणा.

माझं मत विचाराल तर भारतीय पासपोर्ट असेल तर कॉन्सुलेटच करा. सांगली-साताऱ्यातल्या कार्यालयात गोल शिक्का आणि अशोकस्तंभ बघायची सवय आहे, अपोस्टिलचा कागद बघितला की अजूनही कुठं कुठं "हे काय आणलंय" असं होतं. कायद्यानं तुमचं बरोबर असलं तरी हेलपाटे तुमच्याच पायाला. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्डवाले, त्यांना मात्र काही ठिकाणी कॉन्सुलेटच सांगतं की तुम्ही अपोस्टिल करून आणा, तेव्हा आधी त्या कॉन्सुलेटच्या साइटवर वाचा.

ड्राफ्ट इथं कसा करायचा

आधी ताजा सातबारा आणि आठ-अ काढा, महाभूमीवरनं डिजिटल सहीचा मिळतो. शहरातलं घर असेल तर प्रॉपर्टी कार्ड. पॉवरमध्ये जमिनीचं वर्णन ह्यावरनंच उचलायचं, गाव, तालुका, जिल्हा, गट नंबर, हेक्टर-आर, पोटखराबा, आकार, चतुःसीमा सगळं. आठवणीनं लिहायचं नाही, ज्या मळ्याला घरात सगळे "विहिरीचं रान" म्हणतात त्याचा गट नंबर जमिनीचे हिस्से पाडल्यावर बदललेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो.

मग नाव. हा भाग नीट वाचा, विशेषतः बहिणींच्या बाबतीत. सातबाऱ्यावर वारस नोंदीनं लागलेलं नाव बऱ्याचदा माहेरचं असतं, कधी कधी घरात हाक मारायचं नाव असतं, आणि पासपोर्टवर सासरचं नाव, त्यात पासपोर्टवर वडिलांचं का नवऱ्याचं मधलं नाव हा अजून एक गुंता. कॉन्सुलेट फक्त पासपोर्टचं नाव ओळखतं, सब-रजिस्ट्रार सातबाऱ्याचं, आणि दोघांच्या मधे तुम्ही. उपाय सोपा आहे, पॉवरमध्ये सुरुवातीलाच पासपोर्टप्रमाणं पूर्ण नाव लिहायचं आणि पुढं "लग्नापूर्वीचे नाव अमुक, जिचे नाव सातबारा उताऱ्यावर तमुक असे लागले आहे" असं स्पष्ट लिहायचं. सोबत मॅरेज सर्टिफिकेट. आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं एक वेगळं ॲफिडेव्हिट त्याच अपॉइंटमेंटला कॉन्सुलेटमध्ये करून घ्यायचं, पुन्हा सुट्टी काढून जायला नको. स्पेलिंगही पासपोर्टला जुळवा, एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर शिक्का मिळत नाही.

पॉवर जनरल का स्पेशल? सरळ सांगतो, स्पेशल. ज्या कामाला पाहिजे त्याच कामाची, त्याच गटाची. "माझ्या भारतातील सर्व स्थावर जंगम मिळकतींबाबत सर्व अधिकार" अशी पॉवर एकदा का बाहेर पडली की ती कुठं कुठं फिरंल सांगता येत नाही, सख्ख्या भावावर विश्वास असला तरी भावाच्या कपाटावर विश्वास असायचं कारण नाही. आणि नुसत्या पॉवरवर जमीन विकता येते हा जो गैरसमज आहे तोही सोडा, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलंय की जनरल पॉवरवर मालकी जात नाही, नोंदणी झालेला दस्तच लागतो.

अधिकारांची यादी करताना क्रियापदं बघा. "दस्तावर सही करणे", "दस्त नोंदणीस सादर करणे", "दस्त निष्पादनाची कबुली देणे", "मोबदला स्वीकारणे व पावती देणे", "तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार यांच्याकडे अर्ज करणे, नोंदीला संमती देणे". ह्यातलं जे लिहिलं नाही ते करता येत नाही. आता ग्राम महसूल अधिकारी नाव झालंय पण तलाठी लिहिलं तरी सगळ्यांना कळतं, दोन्ही लिहा, काय बिघडत नाही.

भाषेचं म्हणाल तर तिकडचा अधिकारी मराठी असंलच असं नाही, केरळचा असंल, बिहारचा असंल, त्याला मराठी मजकूर दिला तर काही ठिकाणी घेत नाहीत. म्हणून इंग्रजीत करा, किंवा एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी असं करा, म्हणजे तिकडंही चालतंय आणि इकडं घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळतंय कशावर सही झालीय.

पॉवर कुणाच्या नावानं: इथं पैसे वाचतात किंवा जातात

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम १९५८, अनुसूचीतला अनुच्छेद ४८. स्थावर मिळकत विकायचा किंवा हस्तांतर करायचा अधिकार देणारी पॉवर, मोबदला न घेता, जर आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलगी, नातू, नात अशा जवळच्या नात्यात दिली तर मुद्रांक ५०० रुपये. बाहेरच्याला दिली तर खरेदीखताला लागतं तेवढं, म्हणजे बाजारमूल्यावर टक्केवारीनं. बिल्डरला डेव्हलपमेंटसाठी दिली तरी तसंच. म्हणजे तुमचा जिगरी मित्र कितीही कामाचा असला तरी त्याच्या नावानं विक्रीची पॉवर करणं हे लाखांत जाऊ शकतं. चुलतभाऊ, मेहुणा, भाचा अशा नात्यांत कार्यालय काय धरतंय ते ड्राफ्ट पाठवायच्या आधी विचारून घ्या, नंतर वाद घालून उपयोग नाही.

आणि नातं पॉवरमध्ये लिहा. "माझा सख्खा भाऊ" एवढे शब्द नसतील तर इथं नातं सिद्ध करायला रेशनकार्डापासून सगळं काढावं लागतं.

हक्कसोडीत अजून एक अडचण. बहीण भावाच्या लाभात हक्क सोडतीय आणि पॉवरही त्याच भावाला दिलीय, म्हणजे दस्तावर लिहून देणार म्हणून बहिणीतर्फे भाऊ आणि लिहून घेणार म्हणूनही तोच भाऊ. असं दिसायला वाईट दिसतंय आणि उद्या भाचे मोठे झाल्यावर कोर्टात पहिलं बोट तिथंच ठेवलं जातंय. अशा वेळी पॉवर आईला द्या, दुसऱ्या बहिणीला द्या.

किंवा दुसरा रस्ता आहे, जो मला जास्त आवडतो पण लोकांना माहीतच नसतो. हक्कसोडपत्रच तिकडं पाठवायचं, बहिणीनं स्वतः त्यावर कॉन्सुलेटमध्ये सही करायची, आणि सोबत एक छोटी पॉवर फक्त "हा दस्त सादर करणे आणि माझ्या सहीची कबुली देणे" एवढ्यापुरती. सही तिची, कबुली दुसऱ्याची. बहिणीला पक्कं माहीत असतं की ती नेमकं काय सोडतीय, किती सोडतीय, कोऱ्या अधिकाराचा विषयच नाही. भारताबाहेर सही झालेला दस्त भारतात आल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोंदणीला सादर करायचा असतो, नोंदणी कायदा कलम २६. तेवढी मुदत सांभाळायची.

तिकडं अपॉइंटमेंट

आता तिकडच्या माणसासाठी. पहिलं म्हणजे तुमचं कॉन्सुलेट कुठलं ते बघा, कारण हद्द ठरलेली असते, न्यू जर्सीवाल्याला न्यूयॉर्क, टेक्ससवाल्याला ह्यूस्टन, उत्तर कॅलिफोर्नियावाल्याला सॅन फ्रान्सिस्को. दुबई-शारजावाल्याला दुबई कॉन्सुलेट, अबुधाबीवाल्याला एम्बसी. इंग्लंड-ऑस्ट्रेलियासारख्या कॉमनवेल्थ देशांत एम्बसी नसते, हाय कमिशन असतं, काम तेच. बऱ्याच देशांत अर्ज घ्यायचं काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं असतं, अमेरिकेत व्हीएफएस ग्लोबल आहे, म्हणजे तुम्ही कागद त्यांच्याकडं देता, ते आत नेतात. फी प्रत्येक देशात वेगळी, तिकडच्या चलनात, वर इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडाचा छोटा आकार, आणि कंपनीचा सर्व्हिस चार्ज. हे सगळं त्या त्या साइटवर असतंय आणि बदलत असतंय, तेव्हा व्हॉट्सॲपवर कुणीतरी दिलेली फी धरून जाऊ नका.

कागद साधारण हे लागतात: पासपोर्ट मूळ आणि झेरॉक्स, तिथला व्हिसा किंवा रहिवासाचा परवाना, तिथल्या पत्त्याचा पुरावा, फोटो, अर्ज, आणि पॉवरच्या दोन प्रती. दुसरी प्रत ते स्वतःकडं ठेवतात बऱ्याच ठिकाणी, म्हणून दोन न्याच, घरी ठेवायला तिसरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घरनं सही करून जायचं नाही. सही समोर करायची असते. कितीतरी जण उत्साहात सगळ्या पानांवर सह्या ठोकून जातात आणि मग परत प्रिंट काढायला पळतात. फोटो चिकटवायचा, पण सही फोटोवरनं अर्धी कागदावर अर्धी अशी तिथंच. प्रत्येक पानावर सही. अंगठाही घ्या, डाव्या हाताचा, कॉन्सुलेट मागो न मागो, इकडं जमिनीच्या दस्ताला फोटो आणि अंगठा बघायची पद्धत आहे. दोन साक्षीदार लागतात, काही ठिकाणी ते प्रत्यक्ष आणि स्वतःच्या ओळखपत्रासकट यावे लागतात, मग महाराष्ट्र मंडळातले कोण ओळखीचे असतील त्यांना आधी सांगून ठेवा, कामाच्या दिवशी सकाळी दोन माणसं उभी करणं तिकडं अवघड.

अमेरिकेसारख्या ठिकाणी पद्धत जरा वेगळी पडते, तिथं तुम्ही आधी स्थानिक नोटरीसमोर सही करता आणि कॉन्सुलेट त्यावर शिक्का मारतं, पोस्टानंही होतं कधी कधी. चालतंय, पण अशा वेळी त्या नोटरीच्या दाखल्यात "माझ्यासमोर हजर राहून सही केली" असे शब्द पाहिजेत, कारण कलम ३३ मध्ये समोर सही करणं आणि त्याची खात्री देणं ह्या दोन्ही गोष्टी आहेत. नुसता "कागद बघितला" असा शिक्का असेल तर इथं अडतंय. खिडकीवरनं कागद हातात आला की तिथंच उभं राहून वाचा: तारीख आहे का, अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा आहे का, शिक्का उमटलाय का, सगळ्या पानांवर आहे का. गाडीत बसून वाचलं आणि चूक दिसली तर परत रांग.

व्हिडिओ कॉलवर होणारी ऑनलाइन नोटरी तिकडं काही राज्यांत चालते. आपल्या जमिनीच्या कामाला तिच्या नादाला लागू नका.

लांब राहणाऱ्यांसाठी एक सोय असते, कॉन्सुलर कॅम्प, म्हणजे कॉन्सुलेटची माणसं दुसऱ्या शहरात एखाद्या दिवशी येऊन बसतात, मंदिरात किंवा मंडळाच्या हॉलमध्ये. तारखा साइटवर येतात. सात तास गाडी मारण्यापेक्षा बरं.

कागद इकडं आल्यावर

कुरिअरचं पाकीट फाडून फेकू नका!! हे मी मोठ्यानं सांगतोय. मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणं राज्याबाहेर झालेला कागद महाराष्ट्रात पहिल्यांदा मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. महिने सहीच्या तारखेपासून नाही, मिळाल्याच्या तारखेपासून. मग मिळाला कधी हे सिद्ध करायचं कशानं, तर त्या पाकिटावरच्या पावतीनं आणि ट्रॅकिंगच्या प्रिंटनं. कोण माणूस हातानं घेऊन आला असेल तर त्याच्या पासपोर्टवरचा भारतात आल्याचा शिक्का आणि बोर्डिंग पास झेरॉक्स करून ठेवा. मुदत गेली की दंड, महिन्याच्या हिशोबानं.

मुद्रांक भरायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, सह जिल्हा निबंधक तथा मुद्रांक जिल्हाधिकारी. तिथं अभिनिर्णयाचा अर्ज द्यायचा, लोक ॲडज्युडिकेशन म्हणतात, सोबत मूळ पॉवर, झेरॉक्स, सातबारा, नात्याचा पुरावा, आल्याच्या तारखेचा पुरावा. ते किती मुद्रांक लागतो ते ठरवतात, तुम्ही ग्रास (सरकारचं पैसे भरायचं पोर्टल) चलनानं ऑनलाइन भरायचं, आणि ते कागदावर दाखला देतात. आटपाडी, जत, विट्याकडनं यायचं असेल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि सगळ्या झेरॉक्स घरनं काढून आणा. इथं किती दिवस लागतील हे टेबलावर अवलंबून, म्हणून तीन महिन्यांच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, पाकीट आलं की त्याच आठवड्यात.

मग दुय्यम निबंधक. दस्ताची पब्लिक डेटा एन्ट्री, म्हणजे दस्तातली माहिती भरणं, नोंदणी विभागाच्या साइटवर आधी करायची, चलन भरायचं, वेळ घ्यायची, आणि पॉवरची मूळ प्रत घेऊन जायचं. पॉवरवाल्याला एक घोषणापत्र द्यावं लागतं की पॉवर देणारी व्यक्ती आज हयात आहे, पॉवर रद्द केलेली नाही आणि मी तिच्या मर्यादेत काम करतोय. ह्याला नुसता फॉर्म समजू नका. पॉवर देणारा माणूस गेला की पॉवर तिथंच संपते, मग एम्बसीचा शिक्का असो नाहीतर कुणाचाही. पॉवरवर सही होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर खरेदीदारही विचारतो, आणि विचारायलाच पाहिजे. अशा वेळी बाहेरच्या माणसाचा तारखेसह ताजा ईमेल किंवा सही केलेलं पत्र मागवून फाइलला लावून ठेवलं की सगळ्यांची तोंडं बंद.

शेतजमीन विकत असाल तर दोन गोष्टी पॉवर करायच्या आधीच बघा. बाहेर स्थायिक झालेला माणूस वारसानं आलेली शेती ठेवू शकतो आणि विकू शकतो, पण ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, नवीन शेती मात्र त्याला विकत घेता येत नाही, हे फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे नियम. आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो, कूळ कायद्याचं कलम ६३. म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या भावाचा हिस्सा लंडनमधल्या धाकट्यानं पैसे देऊन विकत घ्यायचा असा जो घरगुती तोडगा निघतो ना, तो कागदावर उतरत नाही, आणि त्याच्यासाठी पॉवर करून आणली तर फीचे पैसे पाण्यात. शहरातल्या घर-फ्लॅटच्या विक्रीत घेणाऱ्यानं टीडीएस कापायचा असतो आणि विकणारा बाहेरचा असेल तर तो नेहमीचा १ टक्का नसतो, बराच जास्त असतो, तेव्हा सौद्याआधी सीएला गाठा.

जमिनीशिवाय बाकीची कामं

हयातीचा दाखला. साताऱ्यात हे लई लागतंय, फौजेतनं रिटायर झालेले घरटी निघतील, अपशिंगे मिलिटरीसारखी गावंच आहेत, आणि आता नातवंडं बाहेर म्हणून आजोबा दिवाळीनंतर तिकडं जातात आणि नोव्हेंबर तिथंच उजाडतो. पेन्शनरचा हयातीचा दाखला कॉन्सुलेटमध्ये मिळतो, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स, पासपोर्ट, आणि आजोबा स्वतः पाहिजेत. केंद्राच्या पेन्शनरला वयाची ८० पूर्ण असतील तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. जाताना पीपीओ नंबर आणि बँकेचा फॉर्म बॅगेत टाकून जावा, तिकडं पोचल्यावर कपाटातली फाइल शोधायला शेजाऱ्याला लावायला लागतंय.

पोराचा पासपोर्ट. आई-पोर सांगलीत आणि वडील कतारला, पोराचा पासपोर्ट काढायचाय, तर वडिलांची संमती, ॲनेक्शर डी, ती तिकडच्या आपल्या एम्बसी-कॉन्सुलेटमधनं साक्षांकित करून आणायची. ह्याचा नमुना पासपोर्ट सेवा साइटवर आहे, आपल्या मनानं शब्द बदलू नका.

कोर्टातलं ॲफिडेव्हिट, वारस दाखल्याला संमती, बँकेच्या होम लोनची पॉवर हे सगळं त्याच खिडकीवर होतं. होम लोनच्या पॉवरला मात्र बँक स्वतःचा नमुना देते, तोच वापरा, नाहीतर बँकेचा वकील ओळ न् ओळ बदलायला लावतो.

आणि उलटा प्रवासही असतो. सांगलीतल्या आईला अमेरिकेतल्या मुलाच्या इन्शुरन्सच्या नाहीतर घराच्या कागदावर नोटरीची सही करून पाहिजे असते. मग मुंबईला बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेट आहे, तिथं नोटरी सर्व्हिस असते, अपॉइंटमेंट ऑनलाइन, एका सीलला ५० डॉलर. इथंही नियम तोच, सही समोर करायची, घरनं करून न्यायची नाही. पण आधी तिकडच्या कंपनीला विचारा, भारतातल्या नोटरीनं आणि अपोस्टिलनं भागतंय का, बऱ्याचदा भागतं आणि मग म्हाताऱ्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही.

पॉवर रद्द करायची असेल तर

काम झालं किंवा भावाभावांत बिनसलं, पॉवर काढून घ्यायची. तिकडनंच रद्दपत्र करायचं, त्याच पद्धतीनं, कॉन्सुलेटसमोर सही. मग पॉवरवाल्याला स्पीड पोस्टानं नोटीस, ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात ती वापरली जाऊ शकते तिथं लेखी अर्ज आणि पोच, गावच्या तलाठ्याला एक प्रत, आणि पुढारीसारख्या इथं वाचल्या जाणाऱ्या पेपरात जाहीर नोटीस. नुसतं फोनवर "तुझी पॉवर मी रद्द केली" म्हणून काय होत नाही, समोरच्या खरेदीदाराला कळलंच नसेल आणि त्यानं पैसे मोजून दस्त केला तर भांडण तुमच्या गळ्यात. मूळ कागद परत मागवा, आणि रद्दपत्रात मूळ पॉवरची तारीख आणि कॉन्सुलेटनं त्यावर घातलेला नंबर लिहा. तो नंबर शिक्क्याच्या जवळ पेनानं लिहिलेला असतो, म्हणून पॉवर पाठवायच्या आधी तिचा स्पष्ट स्कॅन स्वतःकडं ठेवा.